रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक : सरकारी वकील व धर्मशास्त्रज्ञ

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीच्या पश्चिमेस, समुद्राला अगदी लागून मुरूड हे गाव आहे. नारळी-पोफळीची आगरे, मध्ये दुर्गादेवीचे मंदिर आणि आखून घातल्यासारखी गावाची रचना, यांमुळे ते कोकणातील इतर गावांहून थोडे निराळे वाटते. हे गाव नव्याने कसे वसविले गेले, जमिनीची वाटणी कशी झाली, कोणाला कोणता मान आणि कोणते कर्तव्य लावून देण्यात आले, याची हकीकत सांगणारा एक जुना कागद उपलब्ध होता. इसवी सन १८६० नंतरच्या दशकात मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेने या कागदावरील एक निबंध आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो लिहिणारा विद्वान त्याच गावचा सुपुत्र असून मुंबईच्या हायकोर्टात नुकताच वकिली करू लागला होता. गावच्या दप्तरातील एका कागदावरून शास्त्र, आचार आणि हक्क यांचा संबंध शोधण्याची ही दृष्टी रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी जन्मभर सोडली नाही. सरकारी वकील म्हणून, कायदे कौन्सिलातील नेमलेले सभासद म्हणून आणि स्मृतिग्रंथांचे संपादक म्हणून त्यांनी जे काही केले, त्या सर्वाची मुळे या एका निबंधात सापडतात.

रावसाहेबांचा जन्म ८ मार्च १८३३ रोजी झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे, खोतीचे वतन असलेले आणि पेशव्यांच्या कुळाशी नाते सांगणारे होते. पेशवाई बुडून त्या वेळी अवघी पंधरा वर्षे झाली होती. जुन्या वैभवाच्या गोष्टी घरोघर ताज्या होत्या, मात्र उपजीविकेचा मार्ग इंग्रजी शाळेतून जातो हेही शहाण्या कुटुंबांना कळून चुकले होते. विश्वनाथपंतांचे शिक्षण प्रथम रत्नागिरीस आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. नव्या विद्येचा पहिला बहर त्या संस्थेत नुकताच आलेला होता. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांपैकी कोणी शिक्षक झाले, कोणी सुधारक, कोणी व्यापारी. विश्वनाथपंत सरकारी नोकरीत शिरले आणि काही वर्षे निरनिराळ्या जागांवर काम करीत राहिले. एल्फिन्स्टनसाहेबांच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतर त्यांनी याच सुमारास केले.

नोकरी चांगली होती. ती तशीच चालू ठेवली असती तर पेन्शन आणि रावबहादुरी घेऊन ते मुरूडास परतले असते, आणि आज त्यांचे नाव कोणास ठाऊक राहिले नसते. परंतु १८६२ साली मुंबईस हायकोर्ट स्थापन झाले आणि एतद्देशीय बुद्धिमंतांपुढे एक नवा मार्ग उघडला. या कोर्टाच्या दोन शाखा होत्या. मुंबई शहरातील दावे जेथे प्रथमच चालत, त्या मूळ शाखेत विलायतेहून आलेले बॅरिस्टर काम करीत. मुफसल जिल्ह्यांतील निकालांवरची अपिले ज्या शाखेत येत, तेथे देशी वकिलांना उभे राहता येई. जमीन, वतन, इनाम, दत्तक, वाटणी, वारसा असे खऱ्या अर्थाने या देशाचे जे प्रश्न, ते सारे या अपील शाखेतच येत असत. विश्वनाथपंतांनी नोकरीचा राजीनामा दिला, वकिलीची परीक्षा दिली आणि १८६३ च्या सुमारास ते या शाखेत दाखल झाले.

लगेच दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली, तिच्याकडे चरित्रकारांचे फारसे लक्ष जात नाही. पण पाठशाळेत शिकलेल्या माणसास ती विसरता येण्यासारखी नाही. तोपर्यंत कंपनी सरकारच्या वेळेपासून प्रत्येक मोठ्या अदालतीत एक शास्त्री नेमलेला असे. हिंदूंचा दत्तकाचा किंवा वारशाचा प्रश्न निघाला की न्यायाधीश शास्त्रीबोवांना प्रश्न लिहून पाठवी, शास्त्रीबोवा ग्रंथाधार देऊन व्यवस्था लिहीत आणि तिच्या आधारे निकाल होई. १८६४ च्या अकराव्या कायद्याने ही पदे रद्द झाली. न्यायाधीशांना आता हिंदू धर्मशास्त्र इंग्रजी भाषांतरांवरून आणि पूर्वीच्या निकालांवरून ठाऊक झाले आहे, असे गृहीत धरण्यात आले. ती भाषांतरे तरी किती होती? नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाचे बॉराडेल नावाच्या अधिकाऱ्याने केलेले, १८२७ साली सुरतेस छापलेले एक. दत्तकमीमांसा आणि दत्तकचंद्रिका यांचे सदरलंडने केलेले दुसरे. कोलब्रूकचे मिताक्षरेच्या दायविभागाचे तिसरे. मूळ ग्रंथ वाचणारा माणूस न्यायासनाजवळून उठून गेला आणि त्याची जागा दुसऱ्याच्या भाषेत उतरलेल्या दोन-चार पुस्तकांनी घेतली. ही उणीव भरून काढण्याचे काम मुंबई हायकोर्टापुरते कोणी केले असेल, तर ते प्रामुख्याने मंडलिकांनी. ते काम पुरे व्हावयास पुढे सोळा वर्षे लागली.

दरम्यान वकिलीचा जम बसत होता आणि त्याबरोबर सार्वजनिक कामही वाढत होते. १८६४ सालीच त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे साप्ताहिक काढले. ते पुढे इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघू लागले. काही वर्षांनी त्यांनी ते दुसऱ्यांच्या स्वाधीन केले, परंतु पत्राला लागलेले संयमी, मुद्देसूद आणि आकडेवारीवर भर देणारे वळण त्यांचेच होते. एशियाटिक सोसायटीच्या शाखेचे ते चिटणीस झाले. नागपंचमीच्या निमित्ताने पश्चिम हिंदुस्थानातील सर्पपूजेवर, क्षेत्र महाबळेश्वर येथील कृष्णेच्या देवालयावर, संगमेश्वरमाहात्म्यावर, शालिवाहन व सप्तशतीवर त्यांनी निबंध लिहिले. ज्या काळात आपल्या देवस्थानांविषयी लिहिण्याचे काम साहेबलोकच करीत आणि आपले लोक ते वाचून माना डोलवीत, त्या काळात जमखान्यावर बसून पोथी वाचणाऱ्या परंपरेतील एक गृहस्थ इंग्रजी विद्वत्सभेत उभा राहून आपल्याच क्षेत्रांची हकीकत मूळ आधारांवरून सांगतो, हे त्या वेळी साधे नव्हते. मुंबईच्या म्युनिसिपालिटीतही ते होते आणि पुढे कॉर्पोरेशनच्या अध्यक्षपदाचा मान त्यांस मिळाला.

१८७४ साली मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांस आपल्या कायदे कौन्सिलात सभासद नेमले. ही नेमणूक म्हणजे काय होती, हे आज थोडे स्पष्ट करून सांगणे अवश्य आहे. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नरच्या कौन्सिलात काही बिनसरकारी सभासद घेण्याची सोय झाली होती. त्यांना कोणी निवडून देत नसे. गव्हर्नरच्या मर्जीने दोन वर्षांसाठी नेमणूक होई आणि मर्जी असेल तर ती पुन्हा वाढे. सभासदाला प्रश्न विचारता येत नसे, जमाखर्चावर बोलता येत नसे. पुढे मांडलेल्या विधेयकावर तेवढे बोलावयाचे आणि मत द्यावयाचे. सरकारी सभासद सरकारच्या बाजूने मत देणार हे ठरलेलेच असल्यामुळे मताचा उपयोग बहुधा शून्य. म्हणून पुष्कळ संस्थानिक व शेठ ही जागा केवळ शोभेची समजत आणि कौन्सिलात मौन धरून बसत. मंडलिकांनी मौन धरले नाही. विधेयक हाती आले की त्याच्या कलमाकलमाचा ते अभ्यास करीत, जुने कागद आणि निकाल काढीत आणि विरोध करावयाचा असेल तर तो कारणांसह लेखी नोंदवीत. सरकारने त्यांस पुन्हा पुन्हा नेमले. यावरून एवढे दिसते की, विरोध करणारा माणूस कामाचा आहे हे तत्कालीन अधिकाऱ्यांस समजत होते.

या विरोधाची सर्वांत मोठी कसोटी खोतीच्या प्रश्नावर लागली. रत्नागिरीतील खोत म्हणजे गावचा वसूल सरकारात भरणारा वंशपरंपरेचा मध्यस्थ. खोताच्या खाली कूळ. त्याच्याकडून खोत पिकाच्या अर्ध्याने किंवा तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे अर्धेलीने वा तिर्धेलीने, धान्य घेई. कोकणात पाहणी सुरू झाल्यावर सरकारने खोताचा हक्क किती, कुळाचा किती, याचा छडा लावण्याचे ठरविले. खोतांचे म्हणणे असे की, जमीन आमच्या वतनाची आहे आणि पाहणीखात्याने तिला हात लावू नये. कुळांची बाजू मांडणारा कौन्सिलात कोणी नव्हता. ती बाजू जी काय मांडली गेली ती महसूलखात्याच्या अधिकाऱ्यांनी मांडली. १८८० साली खोती जमाबंदीचा पहिला कायदा झाला. स्वतः खोत असलेल्या मंडलिकांनी त्यास कौन्सिलात कसून विरोध केला. सनदा, जुने रिवाज आणि कोर्टांचे निकाल यांचा आधार घेऊन त्यांनी प्रस्थापित हक्कांचा कैवार घेतला.

या प्रसंगी त्यांची बाजू सर्वस्वी न्यायाची होती, असे आज कोणी म्हणणार नाही. एक हक्क कागदावर सिद्ध होतो, दुसरा कधी कागदावर आलेलाच नसतो. कोकणातील कुळाचा हक्क या दुसऱ्या प्रकारचा होता. ज्या माणसाने मुरूडच्या स्थापनेचा कागद इतक्या प्रेमाने वाचला, त्याला त्या कागदाबाहेर राहिलेली माणसे दिसली नाहीत. पुढे १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने ती पद्धत संपली. तथापि रावसाहेबांच्या विरोधात स्वार्थाशिवाय दुसरे काहीच नव्हते, असे समजणेही बरोबर नाही. राज्य कोणाचेही असो, प्रजेच्या चालत आलेल्या हक्कांत आणि आचारांत त्याने कायद्याच्या बळाने ढवळाढवळ करू नये, हे त्यांचे मत होते. आणि ते मत त्यांनी आपल्या फायद्याचे असो वा नसो, सर्वत्र लावले. महसूल वाढविणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी तेच उत्तर दिले आणि १८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी सरकारकडे मागणी केली, तेव्हा सुधारकांनाही त्यांनी तेच उत्तर दिले. सरकारने या बाबतीत कायदा करू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या निधनानंतर चारच वर्षांनी, १८९३ साली, त्याच मुरूडच्या एका घरातील धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांस बहिष्कृत केले. कायद्याची वाट न पाहता समाजाच्या आतूनच बदल व्हावा, ही मंडलिकांची अपेक्षा होती असे मानले, तर तो बदल त्यांच्याच गावाला किती जड गेला हेही येथे नमूद केले पाहिजे.

खोतीचा कायदा झाला त्याच १८८० साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख संस्कृत मूळ व इंग्रजी भाषांतरासह, याज्ञवल्क्यस्मृतीचे भाषांतर, प्रस्तावना आणि विस्तृत परिशिष्टे असे त्याचे स्वरूप आहे. नीलकंठभट्ट हे सतराव्या शतकात काशीस होऊन गेले. त्यांचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. बुंदेला राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने त्यांनी बारा मयूखांचा ‘भगवंतभास्कर’ रचला; व्यवहारमयूख हा त्यांपैकी एक. गुजराथ, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाचे प्रामाण्य विशेष. महाराष्ट्र देशात व दक्षिणेकडे मिताक्षरेचे प्रामाण्य आधी आणि मयूखाचे मागून. ही मिताक्षरा तर कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराची, म्हणजे आपल्याच या प्रदेशातील. मयूखामुळे मुंबई इलाख्यात स्त्रियांना वारसा अधिक मिळाला. बहिणीलाही गोत्रज सपिंडांत स्थान आहे, हे मयूखाचे मत त्याचे ठळक उदाहरण होय. जो गृहस्थ सामाजिक सुधारणेच्या कायद्यांना विरोध करीत होता, त्याच्याच हातून स्त्रीच्या वारसाहक्काला आधारभूत असा हा ग्रंथ अचूक स्वरूपात कोर्टाच्या मेजावर आला.

या ग्रंथाचे खरे बळ परिशिष्टांत आहे. शास्त्रात जे लिहिले आहे ते लोकांत चालते का, हे पाहण्यासाठी मंडलिकांनी निरनिराळ्या प्रांतांतील व जातींतील आचारांची माहिती मागवून घेतली. दत्तक कोणाचा घेतात, विवाह झालेल्या मुलाचा घेतात की नाही, बहिणीचा वा मुलीचा मुलगा दत्तक चालतो का, मामाच्या मुलीशी विवाह कोणत्या ज्ञातींत होतो, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी एकत्र केली. मातुलकन्येशी विवाह निषिद्ध की विहित, यावर पाठशाळांतून आजवर किती वाद झाले असतील! मंडलिकांनी ग्रंथांतील वचने बाजूस न सारता त्यांच्याशेजारी दक्षिणेतील ब्राह्मणांत प्रत्यक्ष चालणारा व्यवहार ठेवला. दत्तकाच्या बाबतीत त्यांचा आक्षेप विशेष महत्त्वाचा होता. इंग्रजी कोर्टे दत्तकमीमांसेला सर्व हिंदुस्थानात एकच प्रमाण मानू लागली होती, केवळ तिचे भाषांतर हाताशी होते म्हणून. पश्चिम हिंदुस्थानात मयूख, निर्णयसिंधु, संस्कारकौस्तुभ हे ग्रंथ प्रमाण असताना दूरच्या ग्रंथातील कडक निर्बंध येथील कुटुंबांवर लादणे हे शास्त्रालाही सोडून आहे आणि आचारालाही, हे त्यांनी दाखविले. कोणाच्या घरी निपुत्रिक विधवेने घेतलेला दत्तक टिकेल की नाही, एखाद्या मुलाला घर मिळेल की त्याला बाहेर पडावे लागेल, हे या वादावर अवलंबून होते. मंडलिकांचा ग्रंथ पुढे कित्येक दशके वकील-न्यायाधीशांच्या युक्तिवादांत उल्लेखिला जात राहिला.

१८८४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात सर्वांत भरगच्च गेले. त्या वर्षी नानाभाई हरिदास हे मुंबई हायकोर्टाचे कायमचे न्यायमूर्ती झाले. त्या आसनावर कायम बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच वर्षी मंडलिक अपील शाखेत सरकारी वकील नेमले गेले, आणि त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलावरही गेले. सी. एस. आय. ही पदवी त्यांस पूर्वीच मिळालेली होती.

सरकारी वकिलाचे काम तेव्हाही सोपे नव्हते. महसूल, इनाम व वतन यांविषयी सरकारविरुद्ध झालेल्या दाव्यांत सरकारची बाजू त्यालाच मांडावी लागे, आणि फौजदारी अपिलांत फिर्यादी पक्षाकडून त्यालाच उभे राहावे लागे. त्या वर्षांच्या मुंबईच्या छापील निकालसंग्रहांत सरकारतर्फे उभ्या राहणाऱ्यांत त्यांचे नाव वारंवार येते. ज्याने सरकारच्या महसुली कायद्याला कौन्सिलात विरोध केला, त्यानेच आता सरकारचे वकीलपत्र घ्यावे, यात काहींना विसंगती वाटेल. वकिलाचा धर्म मात्र निराळा आहे. कौन्सिलातील सभासद कायदा कसा असावा हे सांगतो. कोर्टातील वकील आहे त्या कायद्याचा अर्थ सांगतो. मंडलिकांनी या दोन भूमिकांची सरमिसळ होऊ दिली नाही. तरीही एवढे खरे की, सरकारी पद पत्करल्यावर माणसाची लेखणी पूर्वीइतकी मोकळी राहत नाही. १८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईतच, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत भरले. त्या चळवळीच्या इतिहासात मेहता, तेलंग, दादाभाई ही नावे पुढे येतात, मंडलिकांचे येत नाही. कोणते काम हाती घ्यावे आणि कोणते दुसऱ्यांवर सोपवावे, याचा त्यांनी निवाडा करून टाकलेला होता.

कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांच्या वेळी बंगालच्या कुळकायद्याचे मोठे विधेयक आले आणि १८८५ साली मंजूर झाले. जमीनदार आणि रयत यांच्या हक्कांची तीच जुनी मांडणी, कोकणातील खोताला पूर्ण परिचयाची. हिवाळ्यात कलकत्त्याचे काम, परत आल्यावर हायकोर्ट, कॉर्पोरेशन आणि रात्री पोथ्या, असा त्यांचा क्रम होता.

या धावपळीत त्यांनी जे संपादन चालविले होते, ते १८८६ साली बाहेर आले. मानवधर्मशास्त्र, म्हणजे मनुस्मृति, तिच्या सहा टीकांसह त्यांनी छापली : मेधातिथि, सर्वज्ञनारायण, कुल्लूक, राघवानंद, नंदन आणि रामचंद्र. गोविंदराजाची टीका पुरवणीच्या रूपाने जोडली. तोपर्यंत सामान्यतः कुल्लूकाचीच टीका सर्वांच्या हाती असे आणि मनूचे म्हणणे म्हणजे कुल्लूकाने सांगितलेले म्हणणे असे समीकरण होऊन बसले होते. मेधातिथीसारख्या प्राचीन भाष्यकाराला इतरांच्या शेजारी बसवून मंडलिकांनी अभ्यासकास तुलना करण्याची सोय करून दिली. जुन्या हस्तलिखितांत मेधातिथीचा पाठ अनेक ठिकाणी भ्रष्ट झालेला. तो जमविताना किती कष्ट पडले असतील, हे ज्याने एकदा तरी दोन पोथ्यांचे पाठभेद मांडले आहेत त्यालाच कळेल. हे सारे एका चालू वकिली असलेल्या माणसाने, कोणत्याही विद्यापीठाच्या पगाराशिवाय केले.

९ मे १८८९ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी काशिनाथ त्र्यंबक तेलंग हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले. तेलंगांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले होते आणि ते मंडलिकांहून सतरा वर्षांनी लहान होते. सामाजिक मतांत दोघांमध्ये पुष्कळ अंतर. परंतु कायदा आणि संस्कृत यांची सांगड घालणारी जी परंपरा मुंबईच्या कोर्टात निर्माण झाली, तिच्यात ही दोन्ही नावे एकाच पंक्तीत येतात. रत्नागिरी जिल्ह्यातीलच आणखी एका हायकोर्टाच्या वकिलाने, पांडुरंग वामन काणे यांनी, १९२६ साली व्यवहारमयूखाची नवी आवृत्ति काढून ते काम पुढे नेले.

रावसाहेबांचे लेख व भाषणे १८९६ साली एकत्र छापली गेली. त्यांचा ग्रंथसंग्रह पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजकडे गेला. त्यांतील हस्तलिखिते पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ठेवण्यात आली असून संशोधकांच्या ग्रंथांतून त्यांचा निर्देश ‘मंडलिक संग्रह’ या नावाने होतो.